कंत्राट कोणाच्या नावाने?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत दरवर्षी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका घेऊन अनेक तरुण बाहेर पडतात. नोकऱ्या मोजक्या असल्याने त्यांपैकी कित्येकांची पावले सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या कामांकडे वळतात. शाळेची एखादी खोली, गावांतर्गत रस्ता, नाल्यावरील मोरी, जुन्या बंधाऱ्याची दुरुस्ती अशा कामांपासून त्यांची सुरुवात होते. काम कसे करावे हे त्यांना ठाऊक असते. ते कोणाच्या नावाने घ्यावे, हे मात्र कोणी शिकविलेले नसते. हा प्रश्न सल्ल्यासाठी सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षक यांच्याकडेच प्रथम येतो, म्हणून त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार करू.

परदेशातील एक उदाहरण या ठिकाणी उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये संगणकाची कामे मुदतीच्या कराराने करणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे स्वतःची मर्यादित कंपनी काढणे. दुसरी म्हणजे तिकडे जिला ‘छत्री कंपनी’ म्हणतात, तिच्या आश्रयाला जाणे. ही कंपनी त्या माणसाला कागदोपत्री आपला नोकर करून घेते, ग्राहकाकडून आलेल्या रकमेतून कर, विम्याची वर्गणी आणि स्वतःचे शुल्क वळते करते आणि उरलेले वेतन म्हणून देते. नावाला कंपनी, प्रत्यक्षात नोकरी, असा प्रकार रोखण्यासाठी तेथे एप्रिल २००० पासून नियम लागू झाले. एप्रिल २०२१ पासून मध्यम व मोठ्या खाजगी ग्राहकांच्या बाबतीत हा निर्णय करण्याची जबाबदारी ग्राहकावरच आली आणि अनेकांना छत्रीखाली जावे लागले. तेथील छत्री पावसापासून वाचविते, पण ती फुकट मिळत नाही, आणि तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाचे नाव बाहेरून दिसत नाही.

आपल्याकडेही छत्र्या आहेत. त्यांपैकी एक कायद्याने मान्य केलेली आहे, तर दुसरी केवळ रूढीने चालत आलेली आहे.

रूढीची छत्री म्हणजे ‘दुसऱ्याच्या लायसनवर’ काम करणे. नोंदणी एकाची, मेहनत दुसऱ्याची आणि त्याबद्दल ठरलेली टक्केवारी. नव्या माणसाला ही वाट सोपी वाटते, कारण नोंदणी, अनामत, जुना अनुभव यांपैकी काहीच लागत नाही. परंतु कार्यारंभ आदेश ज्याच्या नावाने निघतो, मोजमाप पुस्तकातील नोंद त्याची असते. देयकाची रक्कम त्याच्याच बँक खात्यात जमा होते, कापलेला प्राप्तिकर त्याच्याच खाती पडतो आणि काम पूर्ण झाल्याचा दाखलाही त्यालाच मिळतो. पाच वर्षे उन्हातान्हात राबलेल्या तरुणाजवळ सहाव्या वर्षी दाखविण्यासारखा एकही कागद नसतो. सुरक्षा ठेव दोषदायित्वाचा कालावधी संपल्यावर परत येते, तीही दुसऱ्याच्या नावाने. दरम्यान नोंदणीधारक वारला किंवा त्याच्याशी बिनसले, तर ती रक्कम कोणत्या तोंडाने मागावी? शासकीय निविदांच्या नेहमीच्या अटींनुसार लेखी परवानगीवाचून काम दुसऱ्यास देता येत नाही, म्हणून विभागाच्या दृष्टीने हा राबणारा माणूस अस्तित्वातच नसतो. सर्वात स्वस्त वाटणारी ही वाट सर्वात महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याची छत्री म्हणजे मजूर सहकारी संस्था. तिचा इतिहास खानदेशाला परका नाही. सातपुड्यातील जंगलतोडीच्या कामात ठेकेदार आदिवासी मजुरांची पिळवणूक करीत. त्यावर उपाय म्हणून १९४७ च्या सुमारास तत्कालीन मुंबई राज्याने जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना हाती घेतली. ठेकेदाराच्या जागी मजुरांनी स्वतः उभे राहावे आणि नफाही त्यांच्यातच राहावा, ही त्यामागील कल्पना होती. बांधकामाच्या मजूर संस्थांमागेही हाच विचार आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि भागांवरील लाभांश पंधरा टक्क्यांपेक्षा अधिक देता येत नाही. शासन आपल्या लहान कामांचा काही हिस्सा अशा संस्थांसाठी राखून ठेवीत आले आहे. सभासदांच्या सामूहिक श्रमातून मिळालेल्या उत्पन्नाला प्राप्तिकरातही सवलत आहे, परंतु मताधिकार मुख्यतः श्रम करणाऱ्या सभासदांपुरता मर्यादित असावा, अशी अट तिला जोडलेली आहे. त्या अटीतच संस्थेचा प्राण आहे. सभासद यादीत मजूर आणि प्रत्यक्ष कारभार एकाच घराचा, अशी संस्था म्हणजे लायसनची तीच जुनी वाट, फक्त पाटी सहकाराची. नव्या अभियंत्याने संस्थेत जावे ते मजुरांचा तांत्रिक सोबती म्हणून, मालक म्हणून नव्हे. आणि तेथील अनुभवाचा दाखला संस्थेच्या नावाने राहील, हे मनाशी धरूनच जावे.

आता कंपनी. कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये खाजगी मर्यादित कंपनीला किमान दोन सभासद व दोन संचालक लागतात. एकट्यानेही ‘एकल व्यक्ती कंपनी’ काढता येते. मात्र आपल्या पश्चात कोण, त्याचे नाव आधी द्यावे लागते. कंपनी ही सभासदाहून वेगळी व्यक्ती होय, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ मध्ये सॉलोमन खटल्यात पक्के केले. कंपनी बुडाली तरी शेत आणि घर वाचते, अशी समजूत त्यातूनच रूढ झाली. ती अर्धीच खरी आहे. बँक कर्ज देताना लहान कंपनीच्या संचालकाची वैयक्तिक हमी बहुधा मागतेच, आणि हमीवर सही झाली की मर्यादित जबाबदारीची भिंत त्या ठिकाणी खचते.

कंपनीचा संसारही खर्चिक असतो. काम असो वा नसो, लेखापरीक्षक नेमावा लागतो आणि हिशेब व वार्षिक विवरण दाखल करावे लागते. उशीर झाल्यास प्रत्येक नमुन्यामागे दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क पडते. सलग तीन वर्षे विवरण न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. एखाद्या वर्षी निविदाच न मिळाल्यामुळे कंपनी ‘झोपली’ असे समजून स्वस्थ बसणाऱ्यास हे फार उशिरा कळते.

कराचा हिशेब उदाहरणाने पाहू. समजा, भडगावच्या एका तरुणाने वर्षभरात ८० लाखांची कामे केली आणि त्याला ८ लाख नफा झाला. स्वतःच्या नावाने काम केले असेल, दुसरे उत्पन्न नसेल आणि त्याने नवी करप्रणाली घेतली असेल, तर २०२५-२६ या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर त्याला कर भरावा लागत नाही. शिवाय एवढ्या उलाढालीला ठरावीक टक्क्याने नफा गृहीत धरून विवरण भरण्याची सोयही त्याला आहे. तोच नफा कंपनीत राहिला, तर सवलतीच्या दरानेही अधिभारासह सुमारे २५ टक्के, म्हणजे दोन लाखांच्या आसपास कर जातो. संचालकाचे वेतन घेऊन तो कमी करता येतो, हे खरे. पण मग कंपनी काढून करात मिळविले काय? उलाढाल वाढली, भागीदार आले, मोठी यंत्रसामग्री घ्यावयाची झाली, की चित्र बदलते आणि कंपनीचा खर्च सार्थ ठरतो.

सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून मिळणारी नोंदणी ही व्यक्तीच्या पदवीवर वा पदविकेवर मिळते, आणि कंपनीला पदवी नसते. म्हणून पहिली काही वर्षे ही नोंदणी स्वतःच्या नावाने घ्यावी, लहान कामे वेळेत पुरी करून दाखले जमवावेत आणि मग कंपनीकडे वळावे, हा क्रम मला सयुक्तिक वाटतो. मात्र यात जोखीम पूर्णपणे स्वतःची असते. काम कोसळले किंवा मजुरास अपघात झाला, तर भरपाई घरादारापर्यंत येऊ शकते. म्हणून मजुरांचा विमा पहिल्या कामापासून उतरवावा.

पंचायत सदस्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ अन्वये पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असल्यास तो सदस्यत्वास अपात्र ठरतो. दुसऱ्याच्या नावामागे उभे राहून ही अपात्रता टळत नाही. दुसरी गोष्ट मजुरीची. कंत्राटदाराने मजुरी बुडविल्यास ती मुख्य नियोक्त्याने द्यावी आणि कंत्राटदाराकडून वसूल करावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील तत्त्व २०२० च्या संहितेतही आले आहे. कार्यारंभ आदेशावर एकाचे नाव आणि हजेरीपटावर दुसऱ्याची सही दिसली, तर अंतिम देयक निघण्यापूर्वीच त्याचा खुलासा लेखी मागवून घ्यावा.