आधी अर्थिंग, मग कॉम्प्युटर

तुमसर भागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. इथले कॉम्प्युटर आतल्या दोषानं कमी आणि बाहेरच्या कारणांनी जास्त बिघडतात. घरातली जुनी वायरिंग, मृगातल्या विजा, मे महिन्यातला कूलर आणि राइस मिलचा कोंढा. पहिल्यांदा कॉम्प्युटर घेणारा मात्र विचारतो, "भाऊ, आय फाइव्ह आहे ना?" मी त्याला उलट विचारतो, घरच्या बोर्डाला अर्थिंग आहे का?

कॅबिनेटच्या मागं पंखा आणि वायरची खाच असलेला एक लोखंडी डबा असतो. तो पॉवर सप्लाय, म्हणजे आमचा एसएमपीएस. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी पुरवठा तयार करतो आणि मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांना वाटून देतो. विजेतला गोंधळ गाळण्यासाठी त्यात काही कपॅसिटर बसवलेले असतात, आणि ते कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर पत्र्यावर आलेला विजेचा दाब जमिनीत उतरतो. नसेल तर पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. "कॉम्प्युटर करंट मारते, बदलून द्या," अशी तक्रार घेऊन लोक येतात, आणि तपासायला गेलं की कॉम्प्युटर धडधाकट निघतो, बोर्ड मात्र नुसता नावाला थ्री-पिन असतो. काही जण जुन्या बोर्डात बसावा म्हणून प्लगची जाड पिनच कापतात. कृपा करून हे करू नका. यात कॉम्प्युटर तर बिघडू शकतोच, पण माणूसही जाऊ शकतो.

इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरनं अर्थिंग तपासून घ्या. फेज आणि अर्थिंग यांच्यात जवळपास २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात जेमतेम एक-दोन. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा, कारण वाळलेल्या मातीतून वीज नीट उतरत नाही. महागडं सर्ज प्रोटेक्टर आणलं, पण अर्थिंग नसलं, तर जादा दाब जमिनीत सोडायला त्याच्याकडे वाटच राहत नाही.

आता आभाळातल्या विजेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण दर पावसाळ्याच्या तोंडावर मी हेच नुकसान पाहतो. मोहाडी तालुक्यातल्या एका सेवा केंद्राचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला. शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी दाखले काढायची झुंबड उडालेली होती आणि केंद्र बंद पडलेलं. चालवणारा पोरगा रडकुंडीला आला होता. "दादा, आभाळ भरून आलं तेव्हा मी स्वतः प्लग काढला होता." त्याचं म्हणणं खरंच होतं. पण छतावरच्या अँटेनावरून आलेली इंटरनेटची केबल तशीच जोडलेली राहिली होती. जवळ वीज कोसळली की अशा लांब तांब्याच्या तारेत क्षणभर प्रचंड दाब तयार होतो. तो नेटवर्क पोर्टमधून आत शिरला आणि मदरबोर्ड घेऊन गेला. तेव्हा गडगडाट सुरू व्हायच्या आधीच प्लग आणि नेटची केबल, दोन्ही काढा. फायबर घेतलं म्हणजे सुटलो असंही समजू नका. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही हे खरं, पण फायबरच्या डब्याचा अडॅप्टर बोर्डातच लावलेला असतो आणि डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंतची तार तांब्याचीच असते.

यूपीएस हवाच, पण त्याचं काम फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करता यावा एवढंच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार पेलतो. लेझर प्रिंटर कागदावर टोनरची पूड पक्की करण्यासाठी आतला रोलर तापवतो तेव्हा एकदम भरपूर वीज ओढतो. म्हणून तो यूपीएसवर लावू नये, सरळ भिंतीच्या बोर्डात लावावा. प्रिंट दिली की कॉम्प्युटर बंद पडतो, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

आता कूलर. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा कूलरशिवाय बसणं अशक्यच. पण कूलरच्या ताट्यांतून येणारी हवा ओली असते, आणि त्यासोबत पाण्याचे बारीक तुषारही येतात. तो झोत थेट कॅबिनेटवर असेल तर रॅमच्या सोनेरी पट्टीवर डाग चढतात आणि एके सकाळी पंखे फिरतात, बीप वाजतो, पण पडदा काळाच. अशा वेळी घाबरून नवा मदरबोर्ड घेऊ नका. प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, रॅम बाहेर काढा, पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबरनं हलकेच पुसा, 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. पुष्कळदा काम होतं.

मिलच्या आसपासच्या घरांत अडचण वेगळी. कोंढ्याची बारीक धूळ प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या फटींत दाबून बसते, हवा खेळत नाही. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास तापला की जळू नये म्हणून स्वतःचाच वेग कमी करतो. मालक समजतो रॅम कमी पडली, आणि रॅमवर पैसे घालवतो. आधी झाकण उघडून पाहा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून त्याचे बेअरिंग खराब होते.

सगळ्यात वाईट मला वाटतं ते नाण्याएवढ्या सेलच्या बाबतीत. मदरबोर्डवर ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल असतो; नावातच त्याचं माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागं जाते. सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र तारखेशी ताडून पाहिलं जातं, त्यामुळं सरकारी पोर्टल उघडतच नाही. धानाच्या नोंदणीची मुदत संपत आलेली, बाहेर काकाजी सातबारा हातात धरून उभे, आणि केंद्रवाला म्हणतो सर्व्हर डाउन आहे. उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहा. सेल अगदी स्वस्त मिळतो.

खरेदीबद्दल थोडक्यात. जुन्या मशीनवरच्या 'आय सेव्हन'च्या स्टिकरला भुलू नका, पुढचा आकडा वाचा. आय सेव्हन-२६०० ही दुसरी पिढी, आय थ्री-१२१०० ही बारावी, आणि हा आय थ्री त्या आय सेव्हनपेक्षा बराच वेगवान आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. रॅम ८ जीबी तरी घ्या. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. एकाच्या जागी दुसरी बसत नाही, जोर लावू नका. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतली तर साधा कॉम्प्युटरही चपळ होतो.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं. अशा पुराच्या पाण्यात बुडालेला कॉम्प्युटर चालू करून पाहण्याचा मोह आवरा. यूपीएस सोडवा, सेल काढा. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गढूळ पाणी आत जाऊ शकतं. तशी डिस्क फिरवली की आतल्या तबकड्या खरवडल्या जातात. ती न वाळवता पिशवीत बंद करून डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. खर्च मोठा येतो, आणि सगळंच परत मिळेल याची खात्री नसते. हार्ड डिस्क मरण्याआधी बरेचदा टकटक करते, एसएसडी काहीच न सांगता जाते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि काम झालं की ती डिस्क यूएसबीतून काढून दुसऱ्या घरी, नाहीतर निदान वरच्या मजल्यावर ठेवा. जोडलेलीच राहिली तर मदरबोर्ड जाळणारी वीज तिलाही सोडत नाही.