एक दिवस पवनीत

आपले जवाहरनगर हे नवे गाव. कारखान्यासाठी आखलेले रस्ते, एका मापाची, रांगेने उभी असलेली घरे, ही सारी वसाहत आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली. म्हणूनच जुने शहर पाहावयाचे म्हटले की आपल्याला दिल्ली-आग्रा आठवते, आणि खर्चाचा आकडा ऐकून तो बेत पुढील सुटीवर ढकलला जातो. परंतु आपल्याच जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, दोन हजारांहून अधिक वर्षांची एक नगरी आहे. तिचे नाव पवनी. ती थोड्या खर्चात व सावकाशीने कशी पाहावी, हे या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम खर्चाचा हिशेब करू. भंडाऱ्याहून पवनी साधारण 45 किलोमीटर. पहेला, अड्याळ अशी गावे घेत एस.टी. तेथे जाते. एस.टी.त 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पडते. 2022 पासून 75 वर्षांवरील वृद्धांना विनामूल्य प्रवासाची, तर 2023 पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली आहे. आता वडील, आई, दहा वर्षांचा मुलगा व ऐंशी वर्षांची आजी अशी चार माणसे निघाली, तर एक, अर्धे, अर्धे आणि शून्य मिळून दोनच पूर्ण तिकिटांचा खर्च होतो. घरून पोळ्या, झुणका, जवसाची चटणी व पाणी बरोबर घेतले की फारसे काही विकत घ्यावे लागत नाही. एक वही व एक पेन्सिल मात्र विसरू नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर एक प्रयोग करावा. मध्ये खुंटी रोवून 20 मीटर लांबीच्या दोरीने एक वर्तुळ आखावे आणि त्याच्या कडेने चालावे. परीघ सुमारे 126 मीटर भरेल. अर्ध्या मीटरचे पाऊल धरले तर अडीचशे पावले होतील. हे अंतर पायांच्या ध्यानात राहू द्या. त्याचे कारण पुढे येईलच.

पवनीस उतरल्यावर घाई करू नये. प्रथम तट पाहावा. नगरीच्या एका बाजूस वैनगंगा आहे. उरलेल्या बाजूंना प्राचीन लोकांनी खंदक खणला आणि मातीचा प्रचंड तट उभारला. पुढील काळात त्याच्या काही भागावर दगडी बांधकाम झाले. दगड पाहून आपण थांबतो, मातीकडे पाहत नाही. वास्तविक येथे मातीच वडीलधारी आहे. हजारो टोपल्या माती वाहणाऱ्या हातांचा विचार मनात आणावा आणि तटाचे एक साधे चित्र वहीत काढावे.

तेथून विचारत विचारत जगन्नाथ टेकडीवर जावे. वर देऊळ आहे व खाली नुसता उंचवटा दिसतो. परंतु 1969-70 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण व नागपूर विद्यापीठ यांनी डॉ. शांताराम भालचंद्र देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली पवनीत उत्खनन केले, तेव्हा या टेकडीच्या पोटात एक भव्य बौद्ध स्तूप आढळला. त्याचा व्यास सुमारे 40 मीटर. आता कालचे मैदान आठवा! ज्या वर्तुळाभोवती आपण चाललो, तेवढ्या जागेवर तो स्तूप उभा होता. सांचीच्या जगप्रसिद्ध महास्तूपाचा व्यास सुमारे 36 मीटर आहे, म्हणजे रुंदीत पवनीचा स्तूप सांचीहूनही मोठा ठरला.

या स्तूपाच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत लहान लहान लेख सापडले. एका शिल्पात फणा उभारलेल्या नागाचे नाव मुचलिंद असे कोरलेले आहे. भगवान बुद्धांवर पावसात फणा धरणारा तो हाच नाग. इतर लेख दात्यांचे आहेत. एखाद्या उपासकाने एक खांब द्यावा, दुसऱ्याने एक शिळा द्यावी, अशा दानांतून हे महान कार्य पुरे झाले. थोड्या पैशांत सहलीस आलेल्या आपल्यासारख्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

दुपारी वैजेश्वर घाटावर शिदोरी सोडावी. पायऱ्यांवर बसून नदीकडे पाहावे. खालच्या अंगास गोसीखुर्दचे धरण आहे, त्याचा पायाभरणी समारंभ 1988 मध्ये झाला. जेवणानंतर कागद व उष्टे पिशवीत भरून परत न्यावे. ऊन उतरल्यावर विदर्भातील अष्टविनायकांपैकी गणला जाणारा पंचमुखी गणपती पाहावा आणि गल्ल्यांतून पायी हिंडावे. हे कोष्टी विणकरांचे जुने गाव. एखाद्या वृद्ध विणकराजवळ अर्धा तास बसून नम्रपणे प्रश्न विचारले, तर जे कळेल ते पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टेकडीवर चालताना जुन्या विटेचा अथवा खापराचा तुकडा पायाशी दिसेल आणि आठवण म्हणून तो खिशात टाकण्याचा मोह होईल. तसे कदापि करू नका. जमिनीचे थर पुस्तकाच्या पानांसारखे असतात. खालचे जुने, वरचे नवे. एखादे खापर कोणत्या थरात, कोणत्या नाण्याच्या शेजारी पडले होते, यावरूनच अभ्यासक त्याचा काळ ठरवितात. तेच खापर आपल्या टेबलावर आले की मुके होते. पुस्तकातील एक अक्षर फाडून नेणाऱ्यास त्याचा अर्थ कळत नाही, आणि मागाहून वाचणाऱ्याचे वाक्य मात्र कायमचे अपुरे राहते. जे पाहिले ते वहीत लिहा, चित्र काढा, जागा नोंदवा. वस्तू जेथल्या तेथे राहू द्या.

पालकांस एक विनंती आहे. मुले टेकडीवर रेंगाळली तर 'चला, झाले पाहून' असे म्हणू नये. उशिराची एस.टी. आधीच विचारून ठेवावी आणि तोवर त्यांना निवांत हिंडू द्यावे. अशी सहल आटोपून रिकाम्या हातांनी व भरलेल्या वहीने घरी परतलेला विद्यार्थी पवनीचा खरा राखणदार होईल. त्या मातीखाली अद्याप न वाचलेली पाने पुष्कळ आहेत; ती वाचणारा कदाचित आपल्याच वर्गात बसलेला असेल.