दीर्घायुष्याने तृप्त

आजचं वाचन: स्तोत्र ९१ (विशेषतः वचन १६), १ राजे १९:१-८, निर्गम २०:१२



स्तोत्र ९१ आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. संडे स्कूलच्या पाठांतर स्पर्धेत ते हमखास असायचं. कोविडच्या काळात तर आमच्या सोलापुरातल्या कितीतरी घरांत ते दारामागे चिकटवलेलं होतं, आणि व्हॉट्सॲप स्टेटसला रोज कुणाचं ना कुणाचं तेच. पण सापळा, मरी, बाण, सिंह असं सगळं म्हणत आपण शेवटाला येतो आणि सोळावं वचन घाईत संपवतो. तिथे देवाला धरून राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी देऊ केल्या आहेत. मन भरेल एवढं आयुष्य, आणि देवाचं तारण स्वतः बघायला मिळणं.

खरं सांगायचं तर हे वचन मला दोन माणसांसमोर मोठ्याने वाचता येत नाही. एक, माझ्या मित्राची आई. आमच्या तरुण संघात गिटार वाजवणारा तो मुलगा २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्याच्याही स्टेटसला स्तोत्र ९१ होतं. दुसरी, माझी आजी. वय ८९. तिच्या बरोबरीचं मंडळीत आता कुणी उरलेलं नाही, आणि ती म्हणते, "पुरे झालं रे आता. देव विसरला का मला?" एकीच्या मुलाला आयुष्य पुरलं नाही, दुसरीला ते उरून राहिलंय. मग या दोघींसाठी हे वचन काय आहे?

आधी शब्द बघू. मूळ इब्रीत "तृप्त करीन" यासाठी जो धातू आहे तो जेवणाचा आहे. अनुवाद ८:१० मध्ये देशात गेल्यावर पोटभर जेवाल असं सांगितलंय, तिथे हाच धातू. म्हणजे कल्पना अशी, की आयुष्याच्या पानावरून माणूस उठतो तेव्हा त्याला आणखी वाढून घ्यायचं नसतं. भाकरी कमी पडली म्हणून नव्हे, पोट भरलं म्हणून. अब्राहाम १७५ वर्षांचा होऊन वारला तेव्हा उत्पत्ति २५:८ मध्ये त्याच्याबद्दल हाच शब्द आला आहे. इसहाकाबद्दल आहे, ईयोबाबद्दल आहे. आणि गंमत म्हणजे दावीदाबद्दलही आहे (१ इतिहास २९:२८). दावीद तिसाव्या वर्षी राजा झाला, चाळीस वर्षं राज्य केलं, म्हणजे सत्तर. अब्राहामाच्या निम्म्याहूनही कमी! तरी पवित्र शास्त्र दोघांनाही एकाच शब्दाने "भरून पावलेले" म्हणतं.

उलट, नुसता आकडा मोठा असेल तर शास्त्र फार भारावून जात नाही. मथुशलह ९६९ वर्षं जगला. त्याच्याबद्दल काय लिहिलंय? त्याला मुलंमुली झाली आणि तो मेला. आमच्या क्षेत्रात काही सर्व्हर असे असतात, की वर्षानुवर्षं बंद पडलेले नाहीत एवढीच त्यांची ख्याती; ते नेमकं काय करतात हे कुणी सांगू शकत नाही. मथुशलह वाचताना मला तेच आठवतं (मनश्शेच्या वंशजांनी राग मानू नये, पण हिज्कीयाचंही बघा: रडून प्रार्थना केली, १५ वर्षं वाढवून मिळाली, आणि त्याच वर्षांत बाबेलच्या दूतांना खजिना दाखवून झाला). याकोब तर १३० व्या वर्षी फारोसमोर उभा राहून सांगतो की दिवस थोडेच मिळाले आणि तेही कष्टाचे.

आता आजीचं "पुरे".

ते मी बराच काळ नीट ऐकलं. घरून काम करत असल्यामुळे दिवसभर ती माझ्या कानावर असते. रविवारी उपासनेहून आल्यावर ती कधीच "पुरे" म्हणत नाही. नातवंडं आली, की म्हणत नाही. म्हणते ती दुपारी तीन-चारच्या सुमारास, मी कॉलवर असतो, आई जरा पडलेली असते, आणि बाहेर ऊन असं असतं की गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. हे अब्राहामाचं "पुरे" नव्हे. हे एलीयाचं आहे.

१ राजे १९ वाचा. एलीया झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे, आता माझा जीव घे. तिथला इब्री शब्दही वेगळा आहे, तृप्तीचा नाही. तो माणूस भरलेला नव्हता, रिकामा झाला होता. आणि देवाने काय केलं? त्याला रागावला नाही. "असं बोलू नये, आयुष्य ही देवाची देणगी आहे" हे आपण म्हाताऱ्यांना ऐकवतो ते वाक्यही ऐकवलं नाही. झोपू दिलं. भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. परत झोपू दिलं, परत खायला दिलं. आणि अध्यायाच्या शेवटी त्याला अलीशा दिला, म्हणजे सोबतीला आणि काम पुढे न्यायला एक तरुण माणूस. भाकर, पाणी, झोप आणि एक तरुण.

उरलेल्या दिवसांचं काय करायचं, यावर आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत लक्ष्मीबाई टिळकांइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १८९५ मध्ये ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्यातला काही काळ आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात गेला. पुढे त्या परत आल्या, १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या. शाळेत कधी गेलेल्या नाहीत, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्या काळात पन्नाशीची विधवा म्हणजे जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसायचं वय. पण टिळकांचं 'ख्रिस्तायन' साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून छापून येऊ लागलं आणि १९३६ मध्ये त्या गेल्या. टिळकांच्या मागे १७ वर्षं मिळाली, आणि मराठीतलं एक उत्तम आत्मचरित्र त्या १७ वर्षांतलं आहे.

पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंचं. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे आधीच गेलेले. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्यानंतर रमाबाईंना जेमतेम नऊ महिने मिळाले, आणि बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी शेवटपर्यंत हातातून सोडलं नाही. खिडकीची जागा मिळाली तर या स्टेशनावर मोबाइल खाली ठेवा एवढंच सांगतो.

पण प्रत्येक आजी काही लक्ष्मीबाई नसते, आणि तिने असावं असा आग्रह धरणंही बरं नाही. म्हणून पाचवी आज्ञा. आईबापांचा मान राख, म्हणजे देशात तू चिरकाळ राहशील. लहानपणी मला वाटायचं, हा सरळ हिशेब आहे: मी आईचं ऐकलं की माझ्या खात्यात वर्षं जमा. पण ही आज्ञा एका अख्ख्या समाजाला दिलेली आहे, आणि "मान राख" याचा इब्री शब्द वजनाचा आहे. वजन दे. आपण म्हणतोच की, अमक्याच्या शब्दाला वजन आहे. जिथे म्हाताऱ्यांच्या शब्दाला वजन राहतं, तिथेच लांब आयुष्य हा आशीर्वाद ठरतो. नाहीतर ती शिक्षा होते. म्हणजे माझ्या आजीपुरता स्तोत्र ९१:१६ मधला अर्धा भाग देवाने माझ्या हातात ठेवलाय. दिवस तो देतो, पण ते भरायचे कुणी?

हे आपल्या पिढीला जास्तच लागू आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं (त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता). आज ते सत्तरीच्या आसपास आहे. पूर्वजांनी जे मागून घेतलं ते आपल्या घरात येऊन बसलंय, आणि आपण त्याला "आईबाबांचा प्रॉब्लेम" म्हणतो. सोलापुरातल्या कुठल्याही चर्चमध्ये बघा: पुढे पांढरे केस, मागे संडे स्कूलची पोरं, आणि मधली सगळी रांग पुण्यात. नोकरीसाठी जावंच लागतं, त्यात पाप नाही. पण मार्क ७ मध्ये प्रभू येशू "कुर्बान" म्हणणाऱ्यांना काय म्हणाला ते वर्शिप टीमच्या प्रॅक्टिसला जाताना एकदा वाचा.

आमच्याकडे सध्या चार वाजता शेजारची सातवीतली मुलगी येते. आजी तिच्याकडून शास्त्रपाठ वाचून घेते आणि नावांचे उच्चार सुधारते. "मफीबोशेथ" वर दोघी दहा मिनिटं घालवतात. "पुरे" अजूनही ऐकू येतं, नाही असं नाही.

राहिली मित्राची आई. तिच्यासाठी माझ्याकडे उत्तर नाही, दोन वचनं आहेत. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन हेच स्तोत्र ९१ ऐकवलं होतं: उडी टाक, काही होणार नाही. येशूने हे अभिवचन हमीपत्रासारखं वापरायला नकार दिला. आणि तो तेहतिशीच्या आसपास वधस्तंभावर गेला. म्हणजे हे स्तोत्र म्हणत म्हणत तरुण मेलेल्यांत तो स्वतः आहे. पण यशया ५३ मध्ये जिवंतांच्या भूमीतून छाटून टाकलेल्या त्याच सेवकाबद्दल पुढे दोनच वचनांवर म्हटलंय की त्याचे दिवस वाढतील. मेल्यावर! ते पुनरुत्थानाशिवाय कसं खरं होणार? माझा मित्र त्याचा आहे, म्हणून त्याचेही दिवस मी अठ्ठावीस वर्षांवर संपलेले धरत नाही. हे मी त्याच्या आईला कधी समजावून सांगितलेलं नाही. सांगायची वेळ ती ठरवेल.

वधस्तंभावरून येशूने आपल्या आईकडे बघितलं आणि तिला एक मुलगा दिला. शिष्याने तिला त्या वेळेपासून आपल्या घरी नेलं. पाचवी आज्ञा त्याने शेवटच्या तासातही पाळली, आणि ती निभावायला एका तरुणाला सांगितलं. आमच्या तरुण संघातले चौघे आता पाळीने त्या आईकडे जातात. बँकेचं काम, डोळ्यांची तपासणी, गॅसचा नंबर लावणं. गेल्या महिन्यात तिने गिटार काढून दिली आणि म्हणाली, तारा गंजल्यात, बदलून आणा.

उद्याचं वाचन: योहान १९:२५-२७ आणि २ शमुवेल १९:३१-३९. दुसऱ्या भागात ८० वर्षांचा बर्जिल्लय राजाच्या जेवणाचं आमंत्रण नाकारतो. का नाकारतो ते घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून या.