शिकार दुर्बिणीची, हिशेब पाण्याचा



पूर्वी डोंगरात शिकारीला निघणारा माणूस आधी बंदूक आणि काडतुसे तपासत असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी ती शिकार बंद केली. पण सावज हेरण्याची मौज कायम आहे. बंदुकीऐवजी दुर्बीण घ्यायची, एवढेच. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीचा डोंगर लागतो. त्याची उंची सुमारे १३०० मीटर. तेथील कड्यांच्या कपारींत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. आठपट दुर्बिणीतून २४० मीटरवरचे गिधाड ३० मीटरवर असल्यासारखे दिसते. म्हणून घरट्याजवळ जाण्याची गरज नाही, आणि जाऊही नये.

हे सावज भल्या पहाटे आकाशात दिसत नाही. पाच-सहा किलोग्रॅमचे शरीर नुसते पंख मारून उंच नेणे त्याला परवडत नाही. उन्हाने कातळ तापला, की त्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. त्या झोतावर पंख पसरून गिधाड घिरट्या घेत वर जाते. म्हणजे गिधाडे दिसण्याची वेळ हीच आपल्याला ऊन लागण्याची वेळ! तेव्हा तयारीतला पहिला प्रश्न असा : पाणी किती न्यावे?

आता थोडे गणित करू. तुमचे वजन ४५ किलोग्रॅम, सॅकचे ५ आणि चढ ६०० मीटर धरू. गुरुत्वत्वरण १० घेतले, तर

कार्य = ५० × १० × ६०० = ३,००,००० ज्यूल, म्हणजे ३०० किलोज्यूल.

आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्साच कार्यात बदलतात. म्हणून शरीराला १५०० किलोज्यूल खर्चावे लागतात आणि त्यांतील १२०० किलोज्यूलची उष्णता होते. ती साचली, तर उष्माघात होऊन जिवावर बेतू शकते. १ ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता नेतो. १२०० ला २.४ ने भागा : ५०० ग्रॅम, म्हणजे अर्धा लिटर पाणी!

हा झाला फक्त चढाचा हिशेब. उन्हाचा ताप, टपटप गळून वाया जाणारा घाम, उतरण आणि दिवसभराची तहान धरता प्रत्येकी तीन लिटर पाणी हवे. सोबत मीठ-साखरेची पुडी ठेवा.

"ओझे होते" म्हणून पुष्कळजण पाण्याची बाटली घरी ठेवतात. हेच गणित १ किलोग्रॅमसाठी करून पाहा. कार्य ६ किलोज्यूल, एकूण खर्च ३०, उष्णता २४, घाम १० ग्रॅम. एक लिटर पाणी वर नेण्यासाठी जेमतेम दोन चमचे पाणी खर्ची पडते! ओझे कमी करायचेच, तर इतर सामान काढा, पाणी नको.

घाम वाळताना उष्णता नेतो, ही गोष्ट माथ्यावर उलटू शकते. तेथे वारा असतो आणि भिजलेला सदरा अंगातली हवी ती ऊबही काढून घेतो. म्हणून एक कोरडा सदरा सॅकमध्ये हवाच.

करून पाहा : अर्धा तास खेळण्यापूर्वी व नंतर, अंग पुसून, त्याच कपड्यांत वजन करा, मध्ये पाणी पिऊ नका. फरक जितक्या ग्रॅमचा, साधारण तितके मिलिलिटर पाणी तुम्ही गमावले. त्यावरून आपल्या सहलीचा हिशेब मांडा, आणि मगच सॅक भरा.