बायबलमधील सोर नगर आणि आजचे सोर



'सोर आणि सीदोन' ही जोडी आपण मिस्सेच्या वाचनांत इतक्या वेळा ऐकतो की ती खरोखरच्या गावांची नावे आहेत हेही विसरायला होते. हे सोर आजही नांदते आहे. लेबनॉनच्या दक्षिण किनाऱ्यावर, बैरूतपासून सुमारे ८० किलोमीटरवर. तेथील लोक त्याला 'सूर' म्हणतात. इंग्रजी बायबलमध्ये त्याचे 'टायर' झाले आहे.

मूळचे सोर किनाऱ्याजवळच्या एका बेटावर होते. फिनीशियन दर्यावर्दींचे हे बंदर. येथील हीराम राजाने शलमोनाला मंदिरासाठी गंधसरूची लाकडे पुरवली आणि मोबदल्यात दरसाल गहू व तेल घेतले (१ राजे ५). बेटावर शेती कुठली? लाकूड, काच, कापड विकायचे आणि धान्य शेजाऱ्याकडून आणायचे, हा सोरचा व्यवहार. ही गव्हाची गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे लागणार आहे.

सोरची खरी श्रीमंती जांभळ्या रंगाची. तो एका समुद्री गोगलगायीपासून काढत. १९०९ साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोग केला, तेव्हा १२,००० गोगलगायींपासून जेमतेम १.४ ग्रॅम रंग हाती लागला. म्हणून ते वस्त्र राजेरजवाड्यांचे. स्ट्राबो हा प्राचीन भूगोलकार लिहितो की रंगाच्या कारखान्यांमुळे शहर श्रीमंत झाले, पण राहायला नकोसे झाले. दर्प तसाच असणार!

आणखी एक वस्तू सोरहून थेट यरुशलेमच्या मंदिरात पोहोचत होती. मंदिरपट्टी भरायला सोरचे शेकेल हे नाणे लागे. त्यावर सोरच्या मेल्कार्त दैवताचा मुखवटा होता. मूर्तीला न मानणाऱ्या मंदिरात ते चालले, कारण त्यातील चांदी चोख होती! येशूने सराफांचे चौरंग उलथे केले तेव्हा जमिनीवर विखुरलेल्या नाण्यांत ही नाणी नक्कीच असतील.

आता मार्क ७:२४-३० उघडा. येशू सोरच्या प्रांतात जातो. एक परकी स्त्री आपल्या मुलीसाठी त्याच्या पाया पडते, आणि मुलांची भाकर कुत्र्यांना घालणे बरे नव्हे, असे उत्तर तिला मिळते. हे शब्द खटकतात, आणि खटकायलाच हवेत. 'प्रभू तिच्या विश्वासाची परीक्षा पाहत होता' एवढे म्हणून पुढे जाण्याची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. प्रेषितांची कृत्ये १२:२० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की सोर व सीदोनच्या लोकांचे पोट हेरोद राजाच्या मुलखातील धान्यावर चालत असे. म्हणजे गालीलचा शेतकरी पिकवणार आणि सोरचा पैसेवाला खाणार. दुष्काळात दाणा कुणाच्या घरी जात असेल हे सांगायला नको. काही बायबल अभ्यासकांच्या मते 'मुलांची भाकर' या शब्दांमागे ही सल आहे. तसे असेल तर त्या बाईचे उत्तर अधिकच मोठे ठरते. ती आपल्या शहराची बाजू घेत नाही, हक्क सांगत नाही, मेजाखालचा चुरा मागते. आणि येशू आपले म्हणणे धरून बसत नाही. मुलगी बरी होते.

यहेज्केलकडे वळू. सोर म्हणजे जाळी पसरण्याचा उघडा खडक होईल, ते पुन्हा बांधले जाणार नाही, असे तो २६ व्या अध्यायात म्हणतो. नबुखद्रेस्सरने तेरा वर्षे वेढा घातला, पण त्याला लूट मिळाली नाही; हे स्वतः यहेज्केलच पुढे (२९:१८) सांगतो. संदेष्ट्याने आधीचे शब्द खोडले नाहीत आणि घडलेलेही लपवले नाही. पुढे इ.स.पूर्व ३३२ मध्ये सिकंदराने किनाऱ्यावरील जुन्या वस्तीचे दगडधोंडे समुद्रात टाकून बेटापर्यंत भराव घातला आणि सात महिन्यांनी शहर घेतले. त्या भरावाभोवती वाळू साचत गेली. बेट कायमचे जमिनीला जोडले गेले. तरी सोर पुन्हा उभे राहिलेच. अन्यथा येशू गेला कुणाकडे, आणि पौल राहिला कुठे?

हे सांगण्याचे कारण आहे. २००६ च्या युद्धात सोरवर बॉम्ब पडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये लोकांना घरे सोडण्याचे आदेश निघाले आणि इस्रायली हल्ल्यांत शहरातील इमारती कोसळल्या. अशा वेळी 'बायबलमध्ये लिहिलेलेच होते' असे कुणी सहज बोलून जातो. यहेज्केलचा रोष गर्विष्ठ राजावर आणि बाजाराच्या मग्रुरीवर होता. आज तेथे राहणारे बहुसंख्य शिया मुसलमान, पॅलेस्टिनी निर्वासित छावण्यांतील कुटुंबे आणि बंदराजवळच्या जुन्या मोहल्ल्यातील ख्रिस्ती यांच्या घरांवर तो ग्रंथ ठेवून हिशेब मांडणे हा वचनाचा दुरुपयोग आहे. त्या मोहल्ल्यातील ख्रिस्ती बहुतांशी आपलेच, मरोनाइट आणि मेल्काइट कॅथलिक. दोन्ही पंथांच्या आर्चबिशपांचे पीठ सोरला आहे.

रोमन काळातील रथशर्यतींचे भव्य मैदान, कमान व स्तंभ यांमुळे १९८४ साली युनेस्कोने सोरला जागतिक वारशात घेतले. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेबनॉनच्या ३४ वारसास्थळांना युद्धकाळातील विशेष संरक्षण मिळाले, त्यांतही ते आहे. दक्षिणेकडील पुळणीवर समुद्री कासवे अंडी घालतात. १९९८ पासून तो किनारा राखीव आहे. प्राचीन उत्तर बंदराच्याच जागी आजचे मच्छीमार बंदर आहे. तेथे होड्या लागतात आणि जाळी वाळत पडलेली असतात.

पौल यरुशलेमकडे निघाला असता त्याचे जहाज माल उतरवायला सोरला थांबले. तो तेथील शिष्यांकडे सात दिवस राहिला. पुढे धोका आहे, जाऊ नकोस, असे त्यांनी त्याला सांगितले. तो ऐकेना. तेव्हा ते सगळे बायकामुलांसह त्याला पोहोचवायला शहराबाहेर आले, किनाऱ्यावर गुडघे टेकून सर्वांनी प्रार्थना केली. मग तो जहाजावर चढला आणि ते घरी परतले (प्रेषितांची कृत्ये २१:३-६).