‘गुण’ म्हणजे काय ?

कांहीं शब्द इतके रोजच्या वापरांतले असतात कीं, त्यांचा अर्थ कोणास विचारावा असें मनांतहि येत नाहीं. ‘गुण’ हा असाच एक शब्द आहे. एकाच घरांत आजी म्हणते, “वैद्यांच्या औषधानें गुण आला”, आई म्हणते, “शेजारची सून मोठी गुणाची आहे”, वडील विचारतात, “गणितांत किती गुण मिळाले?” आणि प्रगतिपुस्तक पाहून तेच पुन्हां म्हणतात, “हे काय गुण उधळलेस !” चारहि ठिकाणीं शब्द एकच, परंतु पहिल्या वाक्यांत त्याचा अर्थ आराम, दुसऱ्यांत चांगुलपणा, तिसऱ्यांत परीक्षेंतला आकडा आणि चौथ्यांत तर उघड उघड दोष! तरी ऐकणाऱ्याची फसगत होत नाहीं. असें कां होतें, आणि फसगत झालीच तर ती कोठें होते, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम शब्दाचें मूळ पाहूं. संस्कृतांत ‘गुण’ म्हणजे दोरा किंवा दोरीचा पेड. धनुष्याच्या दोरीलाहि गुण म्हणत. दोन पेडांची दोरी ती द्विगुण, तीन पेडांची ती त्रिगुण. यावरून ‘पट’ हा अर्थ निघाला व तो गणितांत गेला. गुण्य, गुणक, गुणाकार हे शब्द त्याच कुळांतले. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणि’ ग्रंथाचा ‘लीलावती’ हा भाग प्रसिद्धच आहे. त्यांत गुणाकाराच्या अनेक रीती दिल्या आहेत. फार कशाला, लहान मूल “सात दुणे चौदा” म्हणतें, त्यांतील ‘दुणे’ हें ‘द्विगुण’ याचेंच झिजलेलें रूप होय. पाढे म्हणतांना आपण सातांचे पेडावर पेड वळीत असतों, हें आपल्या ध्यानांत नसतें इतकेंच.

तीच दोरी तत्त्वज्ञानांतहि दिसते. सांख्यांच्या मतें प्रकृति ही सत्त्व, रज व तम या तीन गुणांची झालेली आहे. भगवद्गीतेचा १४ वा अध्याय याच विषयाचा असून, ज्ञानेश्वर महाराजांनीं शके १२१२ म्हणजे १२९० सालीं त्याचें निरूपण मराठींत केलें. गुण जीवाला बांधतात, असें तेथें म्हटलें आहे. आळस हा तमोगुणाचा परिणाम. पण चांगला म्हणावा तो सत्त्वगुणहि सुखाच्या व ज्ञानाच्या आसक्तीनें बांधतोच. म्हणून ‘गुणातीत’ होणें ही श्रेष्ठ अवस्था मानली. व्यवहारांत एखाद्यास ‘गुणहीन’ म्हटलें तर त्याला राग येईल. परंतु संतांच्या अभंगांत ‘निर्गुण’ हें परमेश्वराचें वर्णन असतें. शास्त्र बदललें कीं निंदेच्या जागीं स्तुति येते, ती अशी.

आतां व्याकरणाकडे वळूं. पाणिनीनें अ, ए, ओ या स्वरांना ‘गुण’ अशी संज्ञा दिली आहे. महा आणि इंद्र मिळून महेंद्र होतो, सूर्य आणि उदय मिळून सूर्योदय होतो, ते या गुणादेशामुळें. येथें चांगल्यावाइटाचा संबंधच नाहीं. ते केवळ नांव आहे. वैशेषिक शास्त्रांत तर याहून नवल आहे. द्रव्याच्या आश्रयानें राहणारा धर्म तो गुण, अशी तेथील समजूत; आणि असे गुण २४ मानले आहेत. रूप, रस, गंध, संख्या यांच्याबरोबर दुःख, द्वेष आणि अधर्म हेहि त्या यादींत गुण म्हणूनच बसले आहेत ! आयुर्वेदांत गुरु-लघु, शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष अशा १० जोड्या मिळून २० गुण सांगितले आहेत. तेथें जड अन्न वाईट व हलकें अन्न चांगलें असें नसून, कोणास काय मानवेल एवढाच प्रश्न असतो. साहित्यशास्त्रांत मात्र माधुर्य, ओज व प्रसाद हे काव्याचे गुण म्हणजे खरोखरच त्याची शोभा होय.

पत्रिका पाहणारे लोक वधूवरांचे गुण मोजतात. हे गुण एकंदर ३६. जितके अधिक जुळतील तितकें चांगलें, अशी त्यांची समजूत. गंमत अशी कीं, दोघांचें पटत नसेल तर आपण त्यांचा ‘छत्तिसाचा आकडा’ आहे असें म्हणतों. कारण ३६ लिहितांना तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात. एकाच आकड्यानें पत्रिकेंत पूर्ण मेळ दाखविला आणि बोलण्यांत पूर्ण वैर.

आधुनिक विज्ञानानेंहि या शब्दास नवें काम दिलें आहे. शरीराच्या पेशींत जे सूक्ष्म तंतु आईबापांचे गुणधर्म मुलांकडे पोंचवितात, त्यांना मराठींत ‘गुणसूत्र’ हें नांव मिळालें. मनुष्याच्या पेशींत सामान्यतः अशीं ४६ गुणसूत्रें, म्हणजे २३ जोड्या असतात, हें जो हिन त्यो व आल्बर्ट लेवान यांनीं १९५६ सालीं दाखवून दिलें. ‘गुण’ म्हणजे मुळांत दोरा आणि ‘सूत्र’ म्हणजेहि दोराच. तेव्हां हा शब्द बनविणारानें, जाणून असो वा नकळत, दोऱ्याला दोरा जोडून दिला आहे.

मग इतक्या अर्थांतून नेमका अर्थ आपण निवडतों कसा ? आमच्या मतें त्याची किल्ली शेजारच्या क्रियापदांत आहे. औषधाचा गुण ‘येतो’. संगतीचा गुण ‘लागतो’. ढवळ्याशेजारीं बांधला पवळा, वाण नाहीं पण गुण लागला, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. पत्रिकेचे गुण ‘जुळतात’. वात्रट मुलगा गुण ‘उधळतो’. सज्जनाचे गुण त्याच्या ‘अंगीं असतात’ आणि लोक ते ‘गातात’. परीक्षेचे गुण मात्र ‘मिळतात’. क्रियापद बदललें कीं अर्थ बदलला. विद्यार्थ्यांनीं अपरिचित उतारा वाचतांना ही युक्ति करून पाहावी. शब्दकोश उघडण्यापूर्वींच निम्मा अर्थ हातीं लागतो.

परंतु एका ठिकाणीं मोठ्या मोठ्यांचीहि फसगत होते, आणि तेंच सांगण्यासाठीं हा सर्व प्रपंच. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली व त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालीं झाली. अशा परीक्षांबरोबर उत्तरपत्रिकेवर आकडे मांडण्याची चाल आपल्याकडे पसरली. त्या आकड्यांना इंग्रजींत ‘मार्क’ म्हणतात, आणि मार्क म्हणजे मुळांत नुसती खूण. आपण मात्र त्यासाठीं ‘गुण’ हा थोर शब्द वापरूं लागलों. आपण ‘खुणा’ म्हटलें असतें, तर “यंदा भूगोलांत खुणा कमी पडल्या” एवढेंच घरीं बोललें गेलें असतें. ‘गुण कमी’ म्हणतांच मुलगाच कमी गुणाचा, असें त्याच्या बापास वाटूं लागतें. आणि मुलासहि तसें वाटूं लागलें म्हणजे मोठी हानि होते.

जे ‘मिळतात’ ते गुण आणि जे ‘अंगीं असतात’ ते गुण यांत महदंतर आहे. पहिले तीन तासांच्या लेखनावरून दुसऱ्यानें दिलेले असतात. मुलानें त्या तीन तासांत काय लिहिलें, हें ते सांगतात; आणि तें समजणें जरूरहि आहे. गणितांत ३० गुण पडले तर गणिताचा अभ्यास वाढवावयास हवा, हें खरेंच. पण तो मुलगा आजारी मित्राच्या घरीं रोज वही पोंचवितो, खोटें बोलत नाहीं, तुटलेली खुर्ची नीट सांधतो, हें त्या आकड्यांत कोठें दिसणार ? तसेंच ९० गुण मिळविणारास आपल्या अंगीं ९० गुण आले असें वाटूं लागलें, तर तीहि फसगतच.

याच्या उलट प्रवास केलेला एक शब्द इंग्रजींत आहे. ‘टॅलंट’ हें प्राचीन काळीं एक वजन होतें. तितक्या वजनाच्या चांदीलाहि तेंच नांव असे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांत एका धन्याची गोष्ट आहे. त्यानें परदेशीं जातांना एका चाकरास पांच, दुसऱ्यास दोन व तिसऱ्यास एक टॅलंट दिलें. या दृष्टांतावरूनच इंग्रजींत ‘टॅलंट’ म्हणजे ईश्वरदत्त बुद्धि किंवा कौशल्य असा अर्थ रूढ झाला. तिकडे वजनाचा सद्गुण झाला. आपल्याकडे सद्गुणाचें वजन झालें!

त्या गोष्टींतील एक बारकावा पालकांनीं अवश्य पाहावा. पांचांचे दहा करणारास आणि दोहोंचे चार करणारास धन्यानें एकाच शब्दांत शाबासकी दिली. दहा आणि चार यांची तुलना त्यानें केली नाहीं. तिसऱ्यावर तो रागावला, तो त्याच्याजवळ एकच होतें म्हणून नव्हे, तर तें त्यानें जमिनींत पुरून ठेवलें म्हणून.

तेव्हां, विद्यार्थ्यांनो, प्रगतिपुस्तक हातीं आलें म्हणजे ‘किती मिळाले’ हें अवश्य वाचा. परंतु ‘आपल्याजवळ काय आहे व तें आपण पुरून तर ठेवलें नाहीं ना’ हेंहि स्वतःस विचारा. पालकांनींहि मिळालेले गुण जरूर पाहावे. मात्र त्यांवरून अंगींच्या गुणांचा हिशेब मांडूं नये. शब्द एक असला तरी खातीं दोन आहेत.