सर्वनामाची जागा

'तो वर गेला' या वाक्यात 'वर' हे क्रियाविशेषण अव्यय आहे; 'तो झाडावर चढला' यात तेच शब्दयोगी अव्यय होते. मराठीत ते शब्दाला जोडून लिहितात, म्हणून भेद डोळ्यांना दिसतो. इंग्रजीतील 'अप', 'ऑन', 'ऑफ' यांची भूमिकाही अशीच दुहेरी. पण तेथे शब्द सुटाच राहतो. मग ओळखावे कसे?

येथे सर्वनाम उपयोगी पडते. दिवा बंद करण्यास सांगताना 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' ही दोन्ही वाक्ये चालतात. परंतु दिव्याच्या जागी 'इट' आले, की 'टर्न इट ऑफ' असेच म्हणावे लागते, कारण 'ऑफ' हे येथे क्रियाविशेषण आहे. 'टर्न ऑफ इट' ही चूक नवशिक्याकडून हटकून होते. याउलट 'लुक आफ्टर हिम' (त्याची काळजी घे) यातील 'आफ्टर' शब्दयोगी असल्याने सर्वनाम त्याच्यानंतरच येते.

सर्वनामाचे रूपही पाहा. 'त्याच्यावर' म्हणताना 'तो' बदलतो, तसा 'ऑन हिम' म्हणताना 'ही' बदलतो. मात्र मराठी 'मी' कर्ता असतो, तर इंग्रजी 'मी' म्हणजे 'मला'. शब्दयोगी अव्ययानंतर तेच रूप हवे. तरीही 'बिट्वीन यू अँड आय' असे शिकलेले इंग्रजी भाषकही बोलून जातात.